बूट घातल्यावरच विचारायचं

शिऱ्या, आपला वाद मी जिंकलो.

ज्या वादापायी आपण मिनीबसमध्ये, जिमच्या पायऱ्यांवर, तुझ्या किचनमध्ये आणि शेवटी हॉस्पिटलच्या खाटेपाशीही भांडलो, त्याचा निकाल तुझ्या फ्युनरलच्या दिवशी लागला. चहाच्या रांगेत. 'तुझं कॅल्क्युलेशन घाल चुलीत' असं म्हणणारं समोर कुणी नव्हतं, त्यामुळे मी कप धरून नुसताच उभा राहिलो. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. उलट राग आला, तुझाही आणि माझाही. तो का आला हे तुला सांगायला हवं, कारण यातली अर्धी गोष्ट तुला ठाऊकच नाही, आणि उरलेली अर्धी तू माझ्यापासून लपवून ठेवलीस.

फ्युनरल चांगलं झालं. क्रेमेटोरियमचा वीस मिनिटांचा स्लॉट होता आणि तू बोलायला नव्हतास म्हणून सगळं वेळेत आटपलं. अनघाने बजावून ठेवलं होतं की नवऱ्याची नोकरी, हुद्दा, कंपनी याबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही. मागच्या दोन रांगांमध्ये आपली यंदाची टीम हिरव्या ट्रॅकसूटमध्ये बसली होती. त्या बाकांमध्ये त्यांचे गुडघे मावत नव्हते. एवढी उंच पोरं अंग चोरून बसलेली पाहून मला पहिल्यांदा रडू आलं.

आपलं कसं सुरू झालं ते आठवतं ना? इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये आपण एकाच मजल्यावर बसायचो. तू नागपूरचा, मी नागपूरचा, एवढ्यावर दोस्ती झाली. बाकी आपल्यात सारखं काय होतं? कॉलेजात असताना तू सिमेंटच्या कोर्टावर गुडघे फोडून घेत होतास, आणि त्याच वयात मी लायब्ररीत बसून क्रिकेटचे स्कोअर वहीत उतरवत होतो. जवळच्या एका छोट्या कॉलेजला पुरुषांच्या बास्केटबॉल टीमसाठी कोच हवाय, हौशी चालेल, असं तुला कुठूनसं कळलं आणि तू माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिलास.

"काय बे हेम्या, बुधवारी दुपारी काय करतो तू?"

"काम करतो."

"आता हाफ डे टाकायचा."

इथे युनिव्हर्सिट्यांचे आणि कॉलेजांचे सामने बुधवारी दुपारी असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर चौदा वर्षं माझ्या रजेचे तुकडे बुधवारीच पडत गेले. माझी बायको सगळ्यांना सांगायची, लोक सुट्टी काढून स्पेनला जातात, आमचे हे स्विंडनला जातात. तू कोचिंग करायचास, मी बाकावर बसून लॅपटॉपवर कुणी किती टाकले, कुणी किती घालवले, ते टिपायचो. मला आजही नीट ड्रिबल करता येत नाही. तू ते कुणालाही पहिल्या भेटीत सांगायचास.

आपली जिम म्हणजे मुळात बॅडमिंटनचा हॉल. जमिनीवर तीन खेळांच्या रेघा एकमेकींत अशा गुंतलेल्या, की नवा आलेला खेळाडू पहिला महिनाभर नेटबॉलच्या रेघेवरून थ्री-पॉइंटर मारायचा आणि मोजले का म्हणून माझ्याकडे बघायचा. एका बाजूचा हूप खाली आणायला केअरटेकरला बोलवावं लागे. कॉलेज लहान, म्हणून आपली जागा खालच्या डिव्हिजनमध्ये. पहिला नंबर आला तरच वर जायला मिळणार.

वाद तिथूनच सुरू झाला. मी शीट बनवली होती. प्रत्येक टीमचं एक वजन: ती कुणाकुणाला हरवते, आणि ज्यांना हरवते ते स्वतः कुणाला हरवतात. जड टीमकडून हरलो तर मी फारसं मनाला लावून घ्यायचो नाही आणि हलक्या टीमला हरवलं तर टाळ्या वाजवायचो नाही. तू त्या शीटला किराणावाल्याचा तराजू म्हणायचास. एकदा आपण कुणालातरी धू धू धुतलं होतं, पोरं मागे गाणी म्हणत होती, मिनीबस तू चालवत होतास आणि मी शेजारी शीट उघडून बसलो होतो.

"एवढे जिंकलो बे, जरा हस तरी."

"कुणाला हरवलं ते बघ ना. त्यांचा सेंटर जीन्स कापून केलेल्या शॉर्टमध्ये खेळत होता."

"मग?"

"मग काही नाही. लीग वीक आहे आपली. इथे जिंकून काय सिद्ध होतं?"

"काहून वीक? लीग म्हणजे काय टेकडी आहे का, एकदा जेवढी आहे तेवढीच राहायला? एक चांगला पोरगा आपण आणला, की त्याला अडवायला समोरचे दोन चांगले शोधतात. मग आपल्याला तिसरा लागतो. अशीच वाढते लीग. रिक्रूटिंग कर, लीग मागून येते."

"चांगला पोरगा येईलच कशाला इथे? ज्याला येतं तो स्ट्राँग लीगमध्येच जाणार."

"आपण विचारलं तर येईल."

बस, एवढाच वाद. चौदा वर्षं आपण तोच घासला.

पोरांना द्यायला आपल्याकडे होतं काय? मोठ्या ठिकाणी नवी जिम, फिजिओ, स्वतःची लॉकर रूम. आपल्याकडे तीन खेळांच्या रेघा आणि तू. म्हणून तू घरी जायचास. सतरा-अठरा वर्षांचा एखादा मुलगा शाळेच्या मॅचमध्ये आवडला की तू त्याच्या आईवडिलांच्या घरी जाणार, आणि मी सोबत. तुझे नियम ठरलेले. दारात बूट काढायचे. जे वाढतील ते खायचं, दुसऱ्यांदा वाढलं तरी खायचं. मागच्या सीझनचे सगळे निकाल, हरलेल्या सामन्यांसकट, आईच्या हातात द्यायचे. आणि मुख्य गोष्ट घरात बसून विचारायची नाही. सोफ्यावर, समोर चहा असताना, कुणाच्याही तोंडून 'नाही' निघत नाही, आणि असा भिडेखातर मिळालेला होकार आपल्याला नको, असं तुझं म्हणणं. निघताना दोन्ही बूट घालायचे, नाड्या बांधायच्या, दारात ताठ उभं राहायचं आणि मुलाकडे बघून एकदाच म्हणायचं, "वी वाँट यू." मराठी घर असेल तर, "आम्हाला तू हवा आहेस." मग उत्तराला थांबायचं नाही, तडक गाडीकडे चालायला लागायचं.

"एकदाच का?" मी विचारलं होतं.

"दोनदा म्हटलं की सेल्समन वाटतो बे."

रेडिंगला त्या नायजेरियन बाईंच्या घरी तू नाडी बांधता बांधता त्यांच्या भाताचं कौतुक करत बसलास आणि तुझं वाक्य राहूनच गेलं. आपण गेटपाशी पोचलो तेव्हा त्या मागून ओरडल्या, "कोच, ते सगळं ठीक आहे, पण तुम्हाला माझा मुलगा हवाय की नकोय?" तू उलट्या पावली धावत जाऊन ते म्हणालास. गाडीत बसल्यावर तुझा चेहरा असा फुलला होता, की मला चिडवावंसं वाटलं नाही. "बघितलं? जिम बघायला कुणी येत नाही रे. एवढं एक वाक्य ऐकायचं असतं लोकांना," असं तू तेव्हा म्हणाला होतास. हे तुझंच वाक्य आहे, शिऱ्या, आणि पुढे जे झालं ते वाचताना ते लक्षात ठेव.

मग ईशान. लंडनमधल्या हॅरोच्या एका शाळेच्या जिममध्ये आपण दुसऱ्याच कुणाला बघायला गेलो होतो. पहिल्या पाच मिनिटांत तू माझा गुडघा एवढा दाबलास की वळ उठला. सहा फूट तीन इंच, डावखुरा, आणि आई बाजूला बसून "अरे, पाणी पी आधी" असं मराठीत ओरडतेय. शॉट त्याचा साधारणच होता. पण पास असा द्यायचा की ज्याला दिला त्यालाही बॉल हातात आल्यावर कळायचं. तू त्याच संध्याकाळी त्याच्या आईशी, वैशालीशी, पुण्या-नागपूरच्या गप्पा मारून रविवारचं जेवण ठरवून टाकलंस.

वर्षभरात आपण त्या घरी चारदा गेलो. वैशालीच्या थालीपिठाला तू घरी अनघासमोर नावाजलंस, त्यावरून झालेलं भांडण वेगळंच. ईशानचे बाबा, मिलिंद, कमी बोलायचे. त्यांनी एकदाच विचारलं, "तुमची लीग स्ट्राँग आहे का हो?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी ताटाकडे पाहिलं. "होईल," तू म्हणालास.

वसंतात ईशानला एडिनबराहून ऑफर आली. वरची डिव्हिजन, मोठी युनिव्हर्सिटी. आणि इथे मी ते केलं, जे तुला नऊ वर्षं सांगितलं नाही. एका गुरुवारी डेंटिस्टचं कारण सांगून मी ऑफिसातून निघालो आणि हॅरोला गेलो. स्टेशनजवळच्या कॅफेत ईशानला बोलावलं. शीट दाखवली. म्हटलं, बाळा, तू एडिनबराला जा. आमची लीग तुझ्यासाठी लहान आहे. इथे तुला कुणी अडवणार नाही, आणि अडवलं नाही तर तू शिकणार नाहीस. शिरीषकाकाला मी हे सांगितलं असं कळू देऊ नकोस, त्याला लागेल. ईशान हॉट चॉकलेट ढवळत बसला होता. "ओके, काका," एवढंच म्हणाला. मला वाटलं, समजूतदार मुलगा आहे. परतीच्या ट्रेनमध्ये माझं मलाच कौतुक वाटलं आणि तुझ्या पाठीत सुरी खुपसल्यासारखंही वाटलं.

दहा-बारा दिवसांनी आपण शेवटच्या भेटीला गेलो. जेवलो, निकालाचे कागद पुन्हा वैशालीच्या हातात दिले, उठलो. तू डावा बूट घातलास, उजवा घातलास, नाड्या बांधल्यास, दारात उभा राहिलास. ईशान दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मी समोरच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत होतो, कारण तुझ्या त्या वाक्याच्या वेळी मला ईशानच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. आणि तू म्हणालास, "बरं मग. नीट विचार कर. कळव."

आणि चालायला लागलास.

मला वाटलं विसरलास. मग वाटलं, पोराला ऑफर आलीये म्हणून तुला भरून आलं असेल. विचारलं नाही, कारण मला हायसं वाटलं होतं आणि हायसं वाटल्याची लाज वाटत होती. मोटरवेला लागल्यावर तू म्हणालास, "भजी छान झाली होती." भजी नव्हतीच, नेहमीप्रमाणे थालीपीठ होतं. मी दुरुस्त केलं नाही. मी तुझी चूक दुरुस्त केली नाही असं आपल्या दोस्तीत बहुधा त्या एकदाच झालं.

ईशान एडिनबराला गेला. त्या सीझनला आपण दुसरे आलो. शेवटचा सामना एका पॉइंटने गेला. परतताना स्टिअरिंगवर हात ठेवून तू म्हणालास, "एक डावखुरा असता ना बे." पुन्हा कधी तू ते नाव काढलं नाहीस. पण डाव्या कोपऱ्यात कुणी मोकळा उभा असला आणि त्याला पास मिळाला नाही, की तुझा हात आपोआप वर जायचा, आणि मी शीटमध्ये तोंड खुपसायचो.

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी मी सांगायचं ठरवून आलो होतो. कार पार्कमध्ये गाडीत बसून दोनदा म्हणून पाहिलं. वर आलो तर तू उशीला टेकून बसलेला आणि पहिला प्रश्न, "शीट आणली?" यंदाचे निकाल बघितलेस, नाक मुरडलंस, आणि पाच मिनिटांत आपण पुन्हा लीगवर आलो. तुला दम लागत होता, तरी एका शब्दाने मागे हटत नव्हतास. मी म्हटलं, नंबर खोटं बोलत नाहीत. तू म्हणालास, "तुझ्या शीटमध्ये एक कॉलम कमी आहे, हेम्या."

"कोणता?"

तेवढ्यात नर्स ब्लडप्रेशर बघायला आली. मग अनघा सूप घेऊन आली. मग तुला झोप लागली. माझं सांगणं राहिलं आणि तुझा कॉलमही. दुसऱ्या दिवसापासून तू फारसं बोललाच नाहीस. मी शीटमध्ये एक रिकामा कॉलम घालून ठेवलाय, वर नाव न देता. फार डोकं लावलं, पण तुझ्या मनात काय होतं याची खात्री नाही, आणि तुझ्या वतीने काहीतरी लिहून टाकायची माझी हिंमत नाही.

आता चहाची रांग. मी कप घेऊन वळलो तर मागे काळा ओव्हरकोट आणि त्याच्यावर बरंच उंचावर एक तोंड.

"हेमंत काका, ओळखलं का?"

ईशान. सत्तावीस वर्षांचा. फायनान्समध्ये नोकरी करतो, हॅरोहून रोज मेट्रोपॉलिटन लाइनने सिटीत जातो. केस मागे सरायला लागलेत. मी त्याचा हात धरला आणि इकडचं तिकडचं विचारायला लागलो, कारण मला भीती वाटत होती की तो त्या कॅफेचा विषय काढेल. त्याने वेगळाच विषय काढला.

"मला शिरीष काकांना थँक यू बोलायचा होता. कधी बोललोच नाही. त्यांनीच मला सांगितलेलं ना, एडिनबराला जा."

"कुणी?"

"शिरीष काका. ते घरी आले होते. एकटे. मम्मी वर्कला होती. बोलले, आमचा लीग तुझ्यासाठी स्मॉल आहे, यू शुड गो. आणि बोलले, हेमंत काकाला नको सांगू. तो जिंकला असं समजेल आणि लाइफभर माझा डोकं खाईल."

शिऱ्या, मी हसलो. तुझ्या फ्युनरलमध्ये, मोठ्याने. लोक वळून बघायला लागले, अनघानेही पाहिलं. आयुष्यभर माझ्याशी भांडलास, लीग वीक नाही म्हणालास, आणि मनातून तुला पटलेलं होतं! मी विचारलं, कधी आला होता काका? तर म्हणे त्याच आठवड्यात. तू सोमवारी, मी गुरुवारी. म्हणजे डेंटिस्टचं कारण सांगणारा त्या ऑफिसात मी एकटाच नव्हतो. हा तो क्षण, मी वाद जिंकल्याचा.

पण ईशान हसत नव्हता.

"तुम्हाला फनी वाटतं, काका. आय वॉज गटेड. एकदम तुटलो होतो मी."

"का रे?"

"मला यायचं होतं. तुमच्याकडे. मी मम्मीला सांगितलं पण होतं. मग एक काका आले, बोलले जा. मग दुसरे आले, बोलले जा. दोघं पण बोलले, दुसऱ्याला नको सांगू. मला वाटला, यांनी डिसाइड केलाय. त्यांना मी नकोय, पण आम्ही मराठी, मम्मीची ओळख झाली, सो दे'र बीइंग नाइस अबाउट इट." त्याने कप खाली ठेवला. "आणि मग लास्ट टाइम. मला माहिती होता की ते दारात बोलतात. तुमच्या एका प्लेयरनी सांगितलेला. मी तिथे उभा होतो ना. ते शूज घालत होते आणि मी वेट करत होतो. ते बोललेच नाही."

मी त्याला विचारलं, एडिनबरा कसं होतं. ब्रिलियंट, म्हणाला. शहर, डिग्री, नोकरी, सगळं त्याच्यामुळेच. आणि बास्केटबॉल? पहिलं वर्ष बेंचवर, दुसऱ्या वर्षी थोडं, मग सोडून दिलं. त्यानंतर बॉलला हात लावला नाही. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी तुझ्यावर मनसोक्त रागावलो. लोकांना एवढं एकच वाक्य ऐकायचं असतं, हे मला शिकवणारा माणूस त्या पोराच्या दारात बूट घालून गप्प कसा राहिला? मग लक्षात आलं की ते वाक्य तुझ्याच्याने वरवर म्हणवलं नसतं, आणि मनापासून म्हटलं असतंस तर पोरगा थांबला असता, म्हणून तू दारात 'कळव' म्हणालास आणि गाडीत भज्यांचं काहीतरी बोललास. तुला तो हवा होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मी त्याला पाठवलं तेव्हा माझी फक्त शीट खरी ठरली. तू पाठवलंस तेव्हा तुझा सीझन गेला, आणि तो जाणार हे तुला ठाऊक होतं. हे मला तू हयात असताना कळलं असतं तर मी तुला एकदा तरी जवळ घेतलं असतं. आपण तसले मित्र नव्हतो, पण घेतलं असतं.

आणि एकमेकांना नुसतं विचारलं असतं तर? दोघांपैकी एकाने दुसऱ्याला म्हटलं असतं, की बाबा, हा पोरगा आपल्यापेक्षा मोठा आहे, तर दोघांनी मिळून त्याच्या समोर बसून सांगितलं असतं: तू आम्हाला हवा आहेस, आणि म्हणूनच सांगतो, हवं तर जा. मग तो गेलाही असता कदाचित. पण नकोसा होऊन गेला नसता. आपल्याला वाद हरायचा नव्हता, शिऱ्या. त्यापायी एक अठरा वर्षांचा मुलगा दारात उभा राहिला.

कॉलेजने मला सीझन संपेपर्यंत टीम सांभाळायला सांगितलंय. मला म्हणजे बघ. मी पोरांना एवढंच सांगू शकतो की तुमचा डावा कोपरा रिकामा राहतोय. तो कसा भरायचा हे शिकवायला मला येत नाही, ते येणारं कुणीतरी बाकावर शेजारी हवं. म्हणून गेल्या रविवारी मी वैशालीला फोन केला आणि हॅरोला गेलो. एकटा. दारात बूट काढले. यंदाचे सगळे निकाल, हरलेल्यांसकट, तिच्या हातात दिले. तिने ते बघितले, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन थालीपीठ लावलं. दुसऱ्यांदा वाढलं, तेही मी खाल्लं. तू नव्हतास म्हणून तिसरंही.

मिलिंद आता रिटायर झालेत. त्यांनी तोच प्रश्न विचारला. "काय हो, लीग स्ट्राँग झाली का तुमची?"

"नाही," मी म्हटलं. "पण आमची आहे."

हे मी म्हणालो, शिऱ्या. मी. तू ऐकायला हवं होतंस.

निघताना उजवा बूट घातला, मग डावा. नाड्या बांधायला मला हल्ली वेळ लागतो. ईशान चौकटीला टेकून उभा होता, तसाच, फक्त आता चौकट त्याला जरा लहान पडते. मी काय करतोय ते त्याला कळलेलं होतं. वैशाली मागे पॅसेजमध्ये टॉवेलला हात पुसत थांबली होती, आणि पुसून झाले तरी पुसत होती.

मी ताठ उभा राहिलो. "ईशान, आम्हाला तू हवा आहेस," मी म्हटलं. "तेव्हाही हवा होतास. दोघांनाही."

एकदाच म्हणायचं होतं, माझ्याकडून तीनदा झालं. सेल्समन तर सेल्समन. त्यानंतर तडक गाडीकडे चालायला लागायचं असतं, पण माझे पायच हलेनात. मी तिथेच डोळे पुसत उभा. शेवटी ईशानच म्हणाला, "काका, तुम्ही आता जायचा असतो ना?"

मग मी गेलो. गाडीत बसून काच खाली केली तेव्हा तो अजून दारातच होता. "बुधवारी किती वाजता?" त्याने ओरडून विचारलं. मी सांगितलं, एक वाजता कॉलेजवरून मिनीबस निघते. "ओके. मी हाफ डे टाकतो," तो म्हणाला.

काल बुधवार होता. तो आला, ऑफिसच्या शर्टात, पिशवीत ट्रेनर्स घालून. दुसऱ्या हाफमध्ये त्याने टाइम-आउट मागून माझ्या शीटचा कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या पाठीमागे मार्करने काहीतरी गिरगटलं. त्यानंतर डाव्या कोपऱ्यात पास जायला लागले. तरी सहा पॉइंटने हरलो. हरून परतताना पोरं मागे गप्प होती, मिनीबस मी चालवत होतो, आणि ईशान शेजारी बसून सारखा मागे वळून बघत होता, जणू काही सामना अजून तिथेच चाललाय.

"काका, त्यांचा तो नंबर फोर बघितला? आणि त्यांची प्रेस, फुल कोर्ट अडवतात ते? नो वे हा लीग वीक आहे."

"तू आधी शीट बघ."

"शीट राँग आहे, काका."

बेसिंगस्टोकची एक्झिट येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं. त्याने मला एक शब्द बोलू दिला नाही. तेव्हा वर पहिल्याच ओळीत जे लिहिलंय ना, शिऱ्या, ते मी मागे घेतो. वाद अजून चालू आहे.